पिंजरा, चाप, चिकट पुठ्ठा की औषध? घराचा आणि दुकानाचा हिशेब वेगळा

“उंदीर झालेत, काय आणू?” असं कोणी विचारलं की मी आधी लेंड्या बघायला सांगतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या आणि टोकदार असतील तर घरात छोटे उंदीर आहेत. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरच्या जाडसर असतील तर मोठा उंदीर किंवा घूस. भिंतीच्या कडेने चीं चीं करत पळणारी, उग्र वासाची चिचुंद्री तर उंदीरच नव्हे. ती झुरळं-किडे खाते, तिच्यासाठी धान्यातलं औषध मांडून काही होत नाही.

हे ओळखल्याशिवाय सापळा निवडू नये. छोटा उंदीर चौकस असतो, नवी वस्तू हुंगायला येतोच. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्याच्यासाठी सापळ्यात दोन-चार दिवस नुसतं भजं किंवा सुकट ठेवायची, तो निर्धास्त खायला लागला की मग खटका लावायचा.

गणपतीच्या वाहनाला मारायला ज्यांचं मन घेत नाही, त्यांनी पिंजरा घ्यावा. अडचण पुढची असते. शेजारच्या गल्लीत सोडलेला उंदीर शेजाऱ्याकडे तरी जातो, नाहीतर परत येतो. शिवाय पिंजरा रोज सकाळी बघायलाच हवा. आत अडकलेला जीव तहानेने मरू देणं ही दया नव्हे. हाताळताना हातमोजे घाला, कारण लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) उंदराच्या मुतातून पसरतो.

चाप माझ्या मते घरासाठी सगळ्यात चांगला. स्वस्त असतो, चांगला असेल तर उंदीर क्षणात मरतो आणि कुठे मेला ते दिसतं. उंदीर भिंतीला अंग घासत चालतो, म्हणून चाप भिंतीला काटकोनात ठेवा, खाऊचं टोक भिंतीकडे. एकच चाप रोज इकडून तिकडे हलवण्यापेक्षा दोन-दोन मीटरवर पाच-सहा एकदम लावा. घरात रांगतं मूल असेल तर ते ओट्याखालच्या बंद कप्प्यात.

चिकट पुठ्ठा घेऊच नका. उंदीर त्यावर तासन्‌तास जिवंत तडफडतो, पालीही अडकतात. पशुकल्याण मंडळाने राज्यांना याविरुद्ध पावलं उचलायला सांगितलं आहे, ते योग्यच आहे. प्लगमध्ये लावायच्या ‘आवाजाने उंदीर पळवणाऱ्या’ यंत्रावरही पैसे घालू नका. तो आवाज भिंत-कपाटापलीकडे जात नाही आणि उंदरांना त्याची सवय होते.

आता औषध. नाव औषध, पण आहे विषच. बाजारातल्या केकमध्ये बहुधा ब्रोमाडायोलोन असतं. त्याने रक्त गोठेनासं होतं आणि उंदीर काही दिवसांनी मरतो. तो पाणी प्यायला बाहेर जाऊन मरतो, ही समजूत चुकीची आहे. तो माळ्यावर, फॉल्स सीलिंगमध्ये कुठेही मरतो आणि मग आठवडाभर वास. या विषावर व्हिटॅमिन के-1 हा उतारा तरी आहे. झिंक फॉस्फाइडच्या काळ्या भुकटीवर उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टवरही नाही, आणि ती तर यकृतच निकामी करते. तिची ट्यूब दात घासायच्या पेस्टसारखी दिसते. पोटात गेल्यावर मधले एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो, म्हणून उलट्या थांबल्या तरी घरी थांबू नका. वेष्टन घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात जा. मुलं असलेल्या घरात या दोन्ही वस्तू आणूच नयेत.

यातलं काहीही निवडलं तरी भोकं उघडी असतील तर महिन्याभरात नवे उंदीर येतात. छोट्या उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते. पेन्सिल आत जाते ती प्रत्येक जागा बघा: सिंकचा पाइप, गॅसची नळी, एसीचं भोक, दाराखालची फट. तारेची घासणी ठासून वरून सिमेंट लावा, मोरीला बारीक जाळी बसवा. नुसता फोम उंदीर कुरतडतो.

किराणा दुकान, खानावळ किंवा गोदाम असेल तर हिशेब बदलतो. तिथे अन्न परवान्याच्या नियमांप्रमाणे कीड-उंदरांचा बंदोबस्त ठेवावाच लागतो, त्यामुळे कंत्राट देणं रास्त. मात्र महिन्यातून एकदा येऊन कोपऱ्यात केक टाकून जाणाऱ्याला देऊ नका. मालाजवळ विष नकोच. आत पेटीतले सापळे, विष फक्त बाहेरच्या भिंतीलगत कुलूपबंद पेटीत. पेट्यांचा नकाशा, प्रत्येक फेरीची नोंद, वापरलेल्या औषधाचं नाव आणि बुजवायच्या भोकांची यादी लेखी मागा. पोती मात्र तुम्हालाच पाटावर, भिंतीपासून हातभर सोडून लावावी लागतील, म्हणजे मागे बॅटरी मारून बघता येतं. भिंतीला टेकलेली थप्पी असेल तर कंत्राटदारालाही तिथलं काही दिसत नाही.