प्रेस्बिटेरियन जनरल असेंब्ली, गॅलरीतून बघितलेली: साडेतीन स्टार

हॉटेलचे, विमानतळाचे, मिसळीचे रिव्ह्यू सगळे लिहितात, चर्चच्या अधिवेशनाचा (अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाचं देशभरचं अधिवेशन, म्हणजेच जनरल असेंब्ली) कोणीच लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. परवा भाचीने विचारलं की २०२६ चं मिल्वॉकीला आहे, शिकागोहून दीड तास, जाऊ का नको, तिला व्हॉट्सॲपवर सांगत बसण्यापेक्षा इथेच सगळं टाकते.

मी बघितली ती २०१४ ची, डेट्रॉइटची. २२१वी. आता मी का गेले, तर आम्ही मिरजेचे. वानलेस हॉस्पिटल १८९४ ला ज्या मिशनने काढलं ती अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन, आणि आमच्या घरात नोकरी, शाळा, लग्नं सगळं त्याच कंपाउंडच्या आसपास. आजोबा मंडळीचे, म्हणजे तिथल्या चर्चचे, वडील होते, म्हणजे एल्डर, सभासदांनी निवडलेले कारभारी, आणि लहानपणी मला कोडंच पडायचं की आमचे आजोबा अख्ख्या मंडळीचे वडील कसे काय. तर ज्यांनी आमच्याकडे माणसं पाठवली त्यांचं घर आतून कसं चालतं हे एकदा बघायचं होतं. बघितलं, आणि घरात भांडण चालू होतं.

बिशप नाही, पोप नाही. प्रत्येक प्रेस्बिटेरीकडून, म्हणजे एका भागातल्या चर्चच्या गटाकडून, जितके पाळक (पास्टर) तितकेच साधे वडील निवडून येतात, दोन वर्षांतून एकदा. त्या वर्षी सहाशेच्या वर माणसं होती, आठवडाभर. पहिल्याच रात्री मॉडरेटर, म्हणजे अधिवेशनाचा अध्यक्ष, निवडला. निवडून आले हीथ राडा, तेही पाळक नाहीत, वडील. स्क्रीनवर आडनाव वाचून गॅलरीत मी एकटीच हसले, शेजारच्यांना राडा म्हणजे काय ते समजावून सांगता येईना. माणूस मात्र एकदम शांत.

सोमवार-मंगळवारचं सांगत नाही, तेव्हा सगळे कमिट्यांमध्ये वाटलेले होते, नवखा माणूस हरवायचा. त्यात आमच्या हॉटेलची शटल (नाव नाही लिहीत) दोन दिवस आलीच नाही, मग वरून फिरणारी ती छोटी ट्रेन, पीपल मूव्हर, पकडली, ती भारी आहे, शहराचा चक्कर होतो.

खरी गंमत मोठ्या हॉलमध्ये, गुरुवारपासून. नियम असे की आमच्या सोसायटीच्या एजीएमवाल्यांना इथे आणून बसवावं. ठराव, ठरावाला दुरुस्ती, दुरुस्तीला दुरुस्ती, मग एकजण उठून विचारणार की आत्ता आपण नेमकं कशावर बोलतोय, आणि हा प्रश्न प्रामाणिक असतो हो, कारण मलाही तोच पडलेला. एक गोष्ट मला फार आवडली. आधी तरुण प्रतिनिधींचं मत घेतात, वीस-बावीसची पोरं, त्यांचे आकडे स्क्रीनवर दाखवतात, ते मोजत नाहीत, नुसता सल्ला, पण सगळ्यांना बघावा लागतो. आपल्याकडे तरुणांना गाणी बसवायला सांगतात.

गुरुवारी लग्नाचा विषय. दोन मतदानं झाली. एक, जिथे कायद्याने चालतं तिथे पाळकाला समलिंगी जोडप्याचं लग्न लावता येईल, ते ३७१ विरुद्ध २३८ ने पास. दुसरं, चर्चच्या घटनेतली व्याख्याच बदलायची, लग्न दोन व्यक्तींचं. तिथे हॉलमध्येच दुरुस्ती आली की 'परंपरेने एक पुरुष आणि एक स्त्री' असं पण जोडा, आणि जोडल्यावर ४२९ विरुद्ध १७५. बघा, मतं वाढली की नाही. हे पुढे प्रेस्बिटेऱ्यांकडे गेलं आणि २०१५ च्या मार्चमध्ये तिथेही मंजूर झालं. आणि ज्या मिशिगनमध्ये बसून पहिला ठराव झाला तिथे त्या दिवशी असं लग्न कायद्याने होतच नव्हतं.

माझ्या शेजारी तीन दिवस दक्षिणेतले एक आजोबा बसायचे. खिशातल्या डायरीत प्रत्येक बोलणाऱ्यासाठी एक उभी रेघ, बाजूचे इकडे, विरोधाचे तिकडे. यादवीच्या वेळी, १८६१ ला, उत्तर-दक्षिण फुटलेल्या मंडळ्या १९८३ मध्ये अटलांटाला एक झाल्या, तेव्हा ते तिथे होते. एकशे बावीस वर्षं लागली जोडायला, म्हणाले, आणि आता आमची मंडळी बाहेर पडायचं म्हणतेय. गुरुवारचे आकडे आले तेव्हा त्यांनी ते नीट लिहून घेतले, पेनाला टोपण लावलं, आणि विचारलं, कॉफी आणू का तुला? कॉफी थंडगार होती, तो स्टॉल टाळा. पण शुक्रवारी आजोबा परत त्याच खुर्चीत.

आणि शुक्रवार म्हणजे, काय सांगू. कॅटरपिलर, ह्युलेट-पॅकार्ड, मोटोरोला सोल्युशन्स या तीन कंपन्यांचे शेअर्स विकायचे का नाही, सुमारे २ कोटी १० लाख डॉलर्सचे, कारण त्यांचा माल इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागात वापरला जातो. दोन वर्षांपूर्वी पिट्सबर्गला हाच ठराव ३३३ विरुद्ध ३३१ ने पडलेला. बाहेर लॉबीत ठरावाच्या बाजूचे ज्यू लोक घोषणेचे टीशर्ट घालून उभे, आणि आत एक मोठे रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, येऊन सांगून गेलेले की हे करू नका. मतदानाआधी प्रार्थना. मग ३१० विरुद्ध ३०३. ना टाळ्या ना हुर्रे, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये खुर्च्या सरकल्याचं ऐकू येत होतं. सात मतं! मी मनात एक टेबल मोजलं, तेवढीच माणसं.

दीड स्टार कशाचा कापला ते सांगते. एक पूर्ण, कारण लोक घाईघाईत 'आता चर्चा पुरे' म्हणून मतदान मागतात आणि माइकमागे रांगेत उभी असलेली माणसं तशीच परत बसतात, ते बघवत नाही. अर्धा लांबणीसाठी. पण हरलेल्यांचंही बोलणं दुसऱ्या दिवशी तितक्याच शांतपणे ऐकून घेत होते, त्याचे मार्क द्यायलाच हवेत.

खाण्याचं राहिलं. लफायेत कोनी आणि अमेरिकन कोनी, दोन भावांपासून सुरू झालेली हॉटडॉगची दुकानं, भिंतीला भिंत लागून, आणि डेट्रॉइटकर कुठल्या तरी एकाचेच. मी आजोबांना म्हटलं तुम्ही सांगा कुठे जायचं. ते म्हणाले आज इकडे, उद्या तिकडे. शनिवारी अधिवेशन संपलं, तिकडे जायचं राहूनच गेलं.

भाचीला: शाल ने, आणि कमिटीच्या दिवशी जाऊ नकोस.