मॅग्नमच्या नावाखाली विकलेला सत्तावीस दात्यांचा गिअरबॉक्स

जुन्या अमेरिकन गाडीत सहाशे हॉर्सपॉवरचं इंजिन बसवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. शेव्हरलेच्या पिकअपमधून भंगारात निघालेलं सहा लिटरचं, लोखंडी ब्लॉकचं व्ही-८ आणायचं, त्याला टर्बो जोडायचा, कॉम्प्युटर ट्यून करून घ्यायचा. दुखणं सुरू होतं ते इंजिनाच्या मागे. एवढा जोर पेलणारे मॅन्युअल गिअरबॉक्स मोजकेच आहेत आणि नवा घ्यायचा तर चार हजार डॉलरच्या घरात जातो. त्यामुळे सेकंडहँडच्या बाजारात त्यांना मागणी फार, आणि टोप्या घालणारेही तिथेच दबा धरून बसलेले.

मला ज्याने फसवलं त्याची जाहिरात अजून फिरते आहे. डेट्रॉईट भागातल्या दोघा मराठी मित्रांनी आणि ह्यूस्टनच्या एका ओळखीच्याने गेल्या महिन्याभरात तीच मला पाठवली, "घेऊ का?" म्हणून. हे तिघेही गाड्यांच्या धंद्यातले, पिंपरी-चिंचवडमध्ये उमेदवारी करून इकडे आलेले. म्हणजे ज्याला काही कळत नाही असा माणूस गाठण्याची ही युक्तीच नाही. ज्याला बरंच कळतं, त्याच्यासाठीच ती बेतलेली आहे.

माझी गाडी १९७२ ची शेव्हरले नोव्हा. आत जुना चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स. त्याचा चौथा गिअर एकास एक, त्यामुळे ३.७३ च्या डिफरन्शियलवर ताशी सत्तर मैलांना इंजिन मिनिटाला ३,४०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं आणि शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. ०.६३ चा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा वरचा गिअर, मिळाला तर तोच आकडा २,१०० वर येतो. शिवाय साठच्या दशकात आखलेल्या त्या पेटीवर टर्बोचा जोर टाकणं म्हणजे तिचा जीव घेणंच. माझ्यासमोर दोन पर्याय होते आणि दोन्ही ट्रेमेकचे, म्हणजे मेक्सिकोतल्या केरेतारोच्या कंपनीचे. एक टीकेएक्स, पाच गिअरचा, ६०० पाउंड-फूट टॉर्कपर्यंतचा (टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर), जुन्या गाड्यांच्या फरशीतल्या गिअरबॉक्सच्या बोगद्यात फारशी कापाकापी न करता बसणारा. दुसरा टी-५६ मॅग्नम, सहा गिअरचा, ७०० पाउंड-फूटचा, पण अंगाने थोराड. त्याच्यासाठी नोव्हाच्या फरशीचा पत्रा कापावा लागतो.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण फसवणुकीचं मूळ तिच्यात आहे. गिअरबॉक्सची कुवत हॉर्सपॉवरमध्ये सांगायचीच नसते. दात्यांवर ताण येतो तो टॉर्कचा. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फेरे भागिले ५,२५२. ६,००० फेऱ्यांना ६०० हॉर्सपॉवर देणाऱ्या इंजिनाचा तिथला टॉर्क भरतो ५२५. पण टर्बो लवकर फुगला आणि ३,५०० फेऱ्यांनाच ६२० पाउंड-फूट मिळाले, तर त्या क्षणी हॉर्सपॉवर जेमतेम ४१३ असते आणि गिअरबॉक्सच्या पोटात मात्र जास्त मोठा धक्का बसतो. म्हणून 'हजार हॉर्सपॉवर झेलतो' या वाक्याला काही अर्थ नसतो. कुठल्या फेऱ्यांना, किती वजनाच्या गाडीत, कुठल्या टायरवर, हे काहीच त्यात येत नाही. भारतातल्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की ७०० पाउंड-फूट म्हणजे साधारण ९५० न्यूटन-मीटर. डिझेल थार ३०० ची आहे.

आता नावाचा घोळ. टी-५६ हा मूळचा बोर्गवॉर्नरचा सहा गिअरचा बॉक्स, १९९२ च्या डॉज व्हायपरबरोबर आलेला आणि १९९३ पासून कॅमारोत बसू लागलेला. तो धंदा पुढे ट्रेमेककडे गेला. १९९८ ते २००२ च्या, शेव्हरलेच्या एलएस घराण्यातलं एलएस-१ इंजिन असलेल्या कॅमारोत जो टी-५६ आहे त्याची कुवत ४५० पाउंड-फूट. पुढे त्याच घराण्यात टीआर-६०६० आला, २००७ च्या शेल्बी जीटी ५०० मध्ये, रुंद दात्यांचा. त्याच्यावर बेतून कंपनीने सुट्या बाजारासाठी जो काढला तो टी-५६ मॅग्नम. आतून तो नव्या पिढीचा, नाव मात्र थोरल्या भावाचं. दोघांनाही समोरून २६ दात्यांचा शाफ्ट (दाते म्हणजे शाफ्टच्या टोकावर कोरलेल्या खाचा, स्प्लाइन), दोघेही एलएस इंजिनाच्या बेलहाउसिंगला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या आवरणाला, बसतात, दुरून फोटोत सख्खे भाऊ दिसतात. किमतीत मात्र जवळजवळ दुपटीचा फरक. ठगांना आणखी काय हवं?

जाहिरात होती 'टी-५६ मॅग्नम, बिल्ट (म्हणजे आतून नव्याने बांधलेला), १०००+ हॉर्सपॉवर, फक्त ८०० मैल चाललेला'. मागणी ३,२०० डॉलर. हा आकडा लक्षात घ्या. पंधराशे म्हटलं असतं तर कुणीही पुढे सरकलं असतं. नव्यापेक्षा थोडा कमी, मालक प्रोजेक्ट गुंडाळतोय, बायकोने गॅरेज रिकामं करायला सांगितलंय, अशी ती सगळी बेतशीर कथा. मी व्हिडिओ कॉल मागितला, त्याने लगेच केला. बॉक्स टेबलावर होता. त्याने शेपटाजवळचा टॅग दाखवला, अनुक्रमांक वाचून दाखवला, मागचा शाफ्ट हाताने फिरवून एकेक गिअर टाकून दाखवला. तो बॉक्स अस्सल मॅग्नमच होता, याबद्दल आजही मला शंका नाही. मी त्याच्या मागच्या शाफ्टचे दाते मोजले असते तर मॅग्नमला असतात तसे एकतीसच भरले असते. तो टेबलावरच राहिला आणि मला आला तो दुसराच.

पैशांची मांडणीही हुशारीची. अर्धे आधी, झेलने, म्हणजे इथल्या बँकांच्या खात्यातून खात्यात लगेच पैसे पाठवायच्या सोयीने; उरलेले माल दारात आल्यावर, कार्डावर. "तुझाही विश्वास, माझाही विश्वास," असं त्याचं म्हणणं. तो परराज्यातला, हजार मैलांवरचा. पुण्याच्या जुन्या बाजारात निदान वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करता येते, विकणारा समोर बसलेला असतो आणि पुढच्या रविवारीही तिथेच सापडतो. इथे ट्रकवाला लाकडी पॅलेटवर, काळ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला साठ किलोचा ऐवज गॅरेजच्या तोंडाशी ठेवतो आणि सहीसाठी कागद पुढे करतो. विक्रेत्याचा फोन त्याच वेळी वाजतो: सही झाली का, उरलेले पाठव.

प्लॅस्टिक सोडल्यावर दोन गोष्टी खटकल्या. नोव्हाचा स्पीडोमीटर जुन्या पद्धतीचा, केबलवर चालणारा. मॅग्नमला केबलचा आणि इलेक्ट्रॉनिक, असे दोन्ही स्पीडोमीटर जोडायची सोय कारखान्यातूनच असते. या पेटीला केबलची जागाच नव्हती. दुसरं म्हणजे शेपटाच्या एका अंगाला ग्राइंडर फिरवलेला दिसत होता आणि वर ताजा चंदेरी रंग. मी लगेच फोटो पाठवले. उत्तरं तयार होती. म्हणे ही सुरुवातीची बॅच, केबलचं अडॅप्टर वेगळं मिळतं, मी शोधून पाठवतो. आणि घासलंय ते क्रॉसमेंबरला, गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीला, लागत होतं म्हणून. दोन्ही उत्तरं ऐकायला बरी वाटावीत अशी. मग अडॅप्टर 'आज निघालं', 'उद्या निघेल', 'पोस्टात अडकलं'. फोन उचलायचा, गोड बोलायचा, कधीही चिडला नाही. ही गोड बोलणी म्हणजेच फसवणुकीचा दुसरा अंक. क्रेडिट कार्डाचा व्यवहार वादात टाकायला स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांची मुदत असते, आणि तो ती एकेक दिवस खात होता.

खरा उलगडा झाला प्रोपेलर शाफ्ट बनवणाऱ्याकडे. मॅग्नम म्हटल्यावर त्याने मागच्या बाजूसाठी ३१ दात्यांचं योक, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवायचा जोड, काढून दिलं होतं. ते आत जाईना. म्हातारा स्वतः गॅरेजवर आला, शाफ्टचं टोक चिंधीने पुसलं, एका दात्यावर खडूची खूण केली आणि बोटाने मोजत गेला. सत्तावीस. त्याने परत मोजले नाहीत. "हा कॅमारोचा आहे," म्हणाला. "आणि इथे टॉर्क आर्म बसायचा, त्याचे कान कापलेत." नव्वदीतल्या कॅमारोत मागच्या अ‍ॅक्सलला आवरणारा लांब दांडा थेट गिअरबॉक्सच्या शेपटाला बांधलेला असतो. त्याची जागा घासून गुळगुळीत केली की ओळख पुसली जाते. चंदेरी रंग त्यासाठीच होता.

खाली तेलाचा बोल्ट सैल केला तर दाट, गंधकाच्या वासाचं गिअर ऑइल आलं. टी-५६ मध्ये पातळ ऑटोमॅटिकचं तेल, डेक्स्रॉन-३, घालायचं असतं. दाट तेलाने झिजलेल्या बेअरिंगचा आवाज दबतो, हाताने फिरवून पाहणाऱ्याला पेटी घट्ट आणि नवी वाटते. त्यातून सिंक्रोनायझरची, म्हणजे गिअर टाकताना फेरे जुळवून घेणाऱ्या कड्यांची, वाट लागते ती नंतर. उघडल्यावर तिसऱ्या-चौथ्याच्या सिंक्रोचे कंगोरे गोल झालेले, बाहेरची सीलं मात्र कोरी करकरीत. 'बिल्ट' म्हणजे एवढंच: सील आणि रंग. आणि हा ४५० च्या कुवतीचा, आधीच थकलेला बॉक्स मी ६०० च्या पुढे जाणाऱ्या इंजिनाला जोडणार होतो. तिसरा गिअर भर वेगात फुटला तर केसिंगही फुटतं, तेल मागच्या चाकांवर जातं. फसवणूक पैशांची होती असं म्हणून मला हे सोडून देता येत नाही.

पैशांचं काय झालं ते थोडक्यात. कार्डावर दिलेले अर्धे परत मिळाले. 'वर्णनाप्रमाणे वस्तू नाही' या कारणाखाली लेखी तक्रार, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, व्हिडिओ कॉलमधला टॅगचा फोटो, दाते मोजतानाचा फोटो आणि शाफ्टवाल्याचं त्याच्या लेटरहेडवरचं चार ओळींचं पत्र, एवढं जोडलं होतं. सगळ्यात वजन पडलं ते त्या पत्राचं. झेलचे पैसे गेले ते गेलेच. बँकेचं म्हणणं साधं होतं: पैसे तुम्ही स्वतः, तुमच्या मर्जीने पाठवलेत. फोन चोरून कुणी पाठवले असते तर गोष्ट वेगळी. पेपॅलवर 'फ्रेंड्स अँड फॅमिली' म्हणून पाठवलेल्या पैशांचीही हीच गत असते, आणि 'तीन टक्के फी वाचवू' म्हणणारा विक्रेता तुम्हाला नेमकं त्याच दाराने नेत असतो. मिशिगनच्या स्मॉल क्लेम्स कोर्टात ७,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो, पण माणूस परराज्यातला असला की त्याला इथल्या कोर्टात खेचणंच अवघड, आणि तिकडे जाऊन भांडायचं तर विमानखर्चात दाव्याची रक्कम संपते. एफबीआयच्या आयसी-३ या संकेतस्थळावर तक्रार केली आहे. तिथे एका माणसाच्या प्रकरणाने काही हलत नाही, पण त्याच खात्याविरुद्ध अनेक नोंदी जमल्या तर उपयोग होऊ शकतो. म्हणून ज्या कुणाला अशीच टोपी घातली गेली असेल त्याने तिथे नोंद करावीच.

आता घेणाऱ्याने काय पाहायचं. टॅगवर जाऊ नका, टॅग स्क्रूने निघतो. त्या अनुक्रमांकाचा फोटोही दुसऱ्याच पेटीचा असू शकतो. मागच्या शाफ्टचे दाते मोजा: मॅग्नमला ३१, कॅमारोच्या टी-५६ ला २७. हे बदलायचं तर आतला मुख्य शाफ्टच बदलावा लागतो, आणि तेवढा खर्च ठग करत नाही. केबल स्पीडोमीटरची जागा आहे का ते बघा. लिव्हरची जागा पुढे-मागे करायची सोय आहे का ते बघा, मॅग्नमला ती असते. शेपटावर रंग असेल तर नखाने खरवडा. अ‍ॅल्युमिनियमच्या गिअरबॉक्सला कुणी प्रामाणिक माणूस सहसा रंग लावत नाही, पुसून देतो. व्हिडिओ कॉलवर विक्रेत्याला केसिंगवर मार्करने तुमचं नाव आणि तारीख लिहायला सांगा, आणि तीच खूण पॅलेटवर आलेल्या पेटीवर शोधा. माझा तो कॉल या एका गोष्टीने कामाला आला असता. ट्रकवाल्याच्या कागदावर सही करताना 'आतला माल तपासलेला नाही' असं हाताने लिहा. ड्रायव्हर कुरकुरतो, कुरकुरू दे.

मी शेवटी अधिकृत वितरकाकडून नवा मॅग्नम घेतला, कारण फरशी तोवर कापून झाली होती. ती कापली नसती तर टीकेएक्स घेऊन बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, थोडा कमी ठेवला असता. रस्त्यावर चालवायच्या गाडीला तो पुरतो, असं माझं मत झालं आहे. जुना टी-५६ सिंक्रो बदलून, २७ दाते आणि कापलेले कान जाहिरातीत स्पष्ट लिहून, एका कॅमारोवाल्याला विकला. तो खुशीत घेऊन गेला.

ह्यूस्टनच्या ओळखीच्याने त्या विक्रेत्याला परवा एवढंच विचारलं, मागचे दाते मोजून दाखवतोस का, आणि पेटीवर माझं नाव लिहितोस का. बॉक्स विकला गेला, असं उत्तर आलं. जाहिरात आज सकाळीही तशीच होती. फोटोत पेटीखाली हिरवा गालिचा आहे, मागे लाल ट्रॉली जॅक आणि डाव्या कोपऱ्यात अर्धवट दिसणारा निळा टूलबॉक्स. किंमत शंभर डॉलरने उतरवली आहे.