इंजिन फक्त 640 तास चाललंय

मी निपाणीकडचा, घरी ऊस आणि तंबाखू. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, विमान चालवायला शिकतोय. कमर्शियल लायसन्सला 200 तास उड्डाण लागतं, तासाचा दर पाच आकडी. म्हणून आम्हा चौघा पोरांच्या डोक्यात आलं, जुनं सेसना 152 (शिकवायला वापरतात ते दोन सीटचं छोटं विमान) भागीत घ्यायचं आणि लायसन्स झालं की विकून टाकायचं. (आपल्या विमानावरचे तास लायसन्सला धरतात का, हे आधी विचारायचंही सुचलं नाही. तो शहाणपणा निराळाच.)

एजंट गोड बोलायचा. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले: नवाकोरा पांढरा रंग, निळा पट्टा आणि इंजिनच्या लॉगबुकचं एक पान. ओव्हरहॉलनंतर, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्यानं बांधल्यानंतर, 640 तास. पुढच्या ओव्हरहॉलपर्यंत या इंजिनला कंपनी 2400 तास देते, म्हणजे बरंच आयुष्य शिल्लक. 152 बनणं 1985 सालीच थांबलं, तेव्हा विमान म्हातारं असणार हे धरूनच चाललो होतो. ‘अजून दोन पार्ट्या मागं लागल्यात,’ म्हणाला. प्रत्येकी 75 हजार काढून आम्ही 3 लाख इसार दिला. आबांनी फोनवर एवढंच विचारलं, ‘आरसी बुक कुणाच्या नावावर हाय?’ मी हसलो. ‘आबा, विमान हाय ते, ट्रॅक्टर न्हवं.’

विमान बघायला गेलो ते पैसे दिल्यावर. सोबत ओळखीचे एक मेंटेनन्स इंजिनिअर होते. त्यांनी रंगाकडे ढुंकूनही बघितलं नाही. सीटखालचा गालिचा उचलून टॉर्च मारला. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी, म्हणजे गंजच; नखानं खरवडली तर पापुद्रे सुटायला लागले. मग लॉगबुक मागितलं. 640 तास खरेच होते. ओव्हरहॉल मात्र 2004 चं. कंपनी तासांबरोबर 12 वर्षांचीही मर्यादा सांगते, जी आधी संपेल ती. शिवाय इंजिन उभं राहिलं की तेल खाली उतरतं, वरच्या बाजूचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कोरडा पडून गंजतो. ‘इतकं कमी चाललंय, म्हणूनच भीती वाटते,’ ते म्हणाले.

मी मोबाइलमधला फोटो पुन्हा काढला. पान धरणाऱ्याचा अंगठा बरोबर तारखेच्या रकान्यावर होता.

मग डीजीसीएच्या, म्हणजे विमानांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, वेबसाइटवरची विमानांची नोंद बघितली. फुकट दिसते. मालक म्हणून भलत्याच कंपनीचं नाव, एजंटकडे तिचं अधिकारपत्र नाही. विमान उडण्यालायक असल्याचा दाखला, एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट, दरवर्षी लागतं, ते कधीच संपलेलं. आणि पावतीवर बारीक अक्षरात, इसार परत मिळणार नाही. तक्रार मी मराठीत लिहिली, मित्रानं कन्नडमध्ये करून दिली. पोच मिळाली, पैसे नाहीत.

घेणारच असाल तर एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा), इंजिन आणि प्रोपेलर, तिन्ही लॉगबुकं पहिल्या पानापासून हातात घेऊन बघा. सिलिंडरचं कॉम्प्रेशन आपल्या माणसाकडून, आपल्या डोळ्यांदेखत तपासून घ्या. इसाराचं बोलणं त्यानंतर.

परवा कोल्हापूरच्या एका पोरानं ‘दादा, हे घेऊ का?’ म्हणून फोटो पाठवला. 640 तास. अंगठा तिथंच.