दीबाओ घ्यावं की वनराखणीचं काम?

चीनच्या खेड्यातलं गरीब घर याच पेचात असतं: ‘दीबाओ’ हे निर्वाह-अनुदान मागावं, की वनराखणीचं सरकारी काम धरावं?

पैसा: 2007पासून देशभरच्या खेड्यांत आलेलं दीबाओ स्थानिक निर्वाह-रेषेला दरडोई उत्पन्न जेवढं कमी पडतं, साधारण तेवढीच भर घालतं. शहरातल्या मुलाने पैसे पाठवले की भर घटते. 2016पासूनच्या वनराखणीत मानधन ठरलेलं असतं, पण करार सहसा वर्षाचा. मानधनही उत्पन्नात धरतात.

लाज: खरी मेख इथे. दीबाओसाठी घरी येऊन चौकशी, बँकखात्यांची पडताळणी, शिवाय 2021च्या नियमांनुसार गावच्या फलकावर 7 दिवस जाहीर नाव. वशिलेबाजी रोखायला हे हवंच. पण चारचौघांत मान खाली जाईल म्हणून खरे गरजूही मागे राहतात, याचं फार वाईट वाटतं. वनराखणीतही यादी लागते, मात्र ती कामाला निवडलेल्यांची.

कष्ट: डोंगरात गस्त, वणव्यावर लक्ष. आजाऱ्याला झेपत नाही.

धडधाकट माणसाने काम धरावं. म्हातारे, अपंग यांनी निःसंकोच दीबाओ मागावं. घराचं दरडोई उत्पन्न निर्वाह-रेषेच्या दीडपटीच्या आत असेल, तर तीव्र अपंग किंवा गंभीर आजारी माणसाला एकट्याच्या नावानेही अर्ज करता येतो.