‘एक्सपोर्ट सरप्लस’ अ‍ॅक्रिलिक रंगांचा डबा घेण्याआधी हे वाचा

गणपती आणि दिवाळीच्या आधी मंगल कार्यालयांमधून जी आर्ट-क्राफ्टची प्रदर्शनं लागतात, तिथे अ‍ॅक्रिलिक रंगांचे डबे हमखास असतात. २४ ट्यूबा, चकचकीत खोका, २,४९९ वर लाल काट आणि खाली ‘फक्त ८९९’. असा डबा विकणाऱ्याने मला कसं गंडवलं ते लिहितेय, कारण तो माल अजून विकला जातोय आणि पहिल्या दिवशी त्यात काहीही खोट दिसत नाही.

मी नाशिकला राहते. ऑर्डरप्रमाणे कॅनव्हास, दारावरच्या पाट्या, ओढण्या-स्टोल्सवर पेंटिंग, अधूनमधून बालवाडीच्या भिंती आणि घरी मुलांचा क्लास, असा माझा व्याप. रंग किलोने लागतो. महागड्या परदेशी ट्यूबा परवडत नाहीत, आणि प्रत्येक कामाला त्या लागतही नाहीत. तेव्हा स्वस्त आणि बरा रंग शोधणं हा माझा रोजचाच उद्योग.

स्टॉलवरचा माणूस बोलायला गोड. ‘ताई, माल बाहेरदेशी जाणारा आहे. ऑर्डर कॅन्सल झाली म्हणून इथे काढतोय.’ समोर प्रायमर मारलेला छोटा कॅनव्हास, त्यावर मार्करची काळी जाड रेघ. त्याने उघड्या ट्यूबमधून पिवळा काढला, सपाट ब्रशने एकच फटका ओढला आणि रेघ गायब. ज्यांनी रंगकाम केलंय त्यांना यातली मेख कळेल. पिवळ्याने काळं झाकणं सोपं नसतं. बरेचसे पिवळे मुळातच पारदर्शक. एका हातात, म्हणजे एकाच थरात, काळं झाकायचं तर कॅडमियमसारखं भारी रंगद्रव्य हवं, नाहीतर टिटॅनियम व्हाइटची भरपूर भर. म्हणजे समोरची ट्यूब खरोखर चांगली होती. नंतर घरी सीलबंद डब्यातल्या पिवळ्याने तशीच रेघ झाकायला घेतली, तर हातावर हात दिले तरी ती खालून डोकावतच राहिली. दाखवायचा माल वेगळा आणि बांधून द्यायचा वेगळा, ही या धंद्यातली सगळ्यात जुनी युक्ती.

डब्यापाठोपाठ त्याच्याकडूनच व्हॉट्सअ‍ॅपवर मोठ्या बरण्या मागवल्या. ‘एक किलो, ऑल सरफेस, प्रोफेशनल ग्रेड.’ पैसे यूपीआयने, तेही दुकानाच्या नव्हे तर कुणा व्यक्तीच्या नावावर. पावती कच्ची, जीएसटी क्रमांक नाही.

आता एकेका कामाचं काय झालं ते सांगते, कारण प्रत्येक ठिकाणी हा रंग वेगळ्या तऱ्हेने उघडा पडला.

पहिलं काम पैठणीचं. एका ताईंना दिवाणखान्यात लावायला मोठा कॅनव्हास हवा होता: जांभळ्या अंगाची पैठणी, राणी काठ, पदरावर मोर. देताना काय दिसत होता! पश्चिमेच्या खिडकीसमोर लावला आणि उन्हाळा संपता संपता त्यांचा फोन आला. जाऊन बघते तर राणी रंग पार विटलेला, आणि जांभळी पैठणी चक्क निळी झालेली. हे निळं होणं समजून घेण्यासारखं आहे. स्वस्तातला जांभळा बहुतेक वेळा गुलाबी आणि निळा मिसळून केलेला असतो. त्यातला निळा असतो थॅलो नावाच्या रंगद्रव्याचा, दगडासारखा पक्का. गुलाबी असतो रोडामिन जातीचा, दिसायला झगझगीत पण उन्हापुढे न टिकणारा. ऊन गुलाबी खाऊन टाकतं आणि निळा जागच्या जागी राहतो. ट्यूबवर ‘लाइटफास्ट’ (उन्हात न विटणारा) या शब्दापुढे तीन चांदण्या छापल्या होत्या. त्या कुणी दिल्या, कशावरून दिल्या, देव जाणे.

दुसरं काम सुती स्टोल्सचं. पहिल्याच धुण्यात पानाफुलांच्या कडा फुटल्या आणि बादलीतलं पाणी गढूळ झालं. अ‍ॅक्रिलिक एकदा नीट वाळला की पाण्यात परत विरघळत नाही, कारण पाणी उडून गेल्यावर त्यातल्या पॉलिमरचे कण एकमेकांना चिकटून प्लास्टिकसारखा पापुद्रा होतो. पोस्टर कलरमध्ये असतो डिंक किंवा डेक्स्ट्रिन, तो पाणी लागलं की पुन्हा सुटतो. माझ्या बरण्यांमध्ये नेमकं काय होतं ते सांगता येणार नाही, पण कागदावर फटका ओढून दुसऱ्या दिवशी ओलं बोट घासलं तर बोट रंगत होतं. शुद्ध अ‍ॅक्रिलिकने बोट रंगायला नको.

भिंतीची गोष्ट थोडक्यात. बालवाडीच्या बाहेरच्या भिंतीवर हत्ती-ससे काढले, पावसाळ्यानंतर हात फिरवला तर तळव्याला पांढरी भुकटी. रंगात खडूची भुकटी जास्त आणि तिला धरून ठेवणारा बाइंडर कमी असला की हेच होतं.

या भुकटीमुळेच बरणीवरच्या ‘एक किलो’चा अर्थ लागला. चित्रकारांच्या ट्यूबवर आणि बरणीवर माप मिलिलिटरमध्ये असतं, कारण रंग पसरतो तो आकारमानाने. खडू आणि चिनी माती बाइंडरपेक्षा कितीतरी जड. भर जितकी जास्त तितकं वजन जास्त आणि बरणीत प्रत्यक्ष रंग कमी. मी मापाच्या भांड्यात ओतून पाहिलं, किलोची बरणी पाऊण लिटरच्याही खाली भरली. किलोच्या भावात घेणाऱ्याला वाटतं आपण जास्त घेतलं, आणि विकणाऱ्याने खडू विकलेला असतो.

एका रात्री डब्यातली एक ट्यूब कात्रीने उभी कापली. आधी पिवळसर पाणी वाहून आलं, मग तळाशी रवाळ गोळा. ट्यूबची मागची दुमड नेहमीपेक्षा कितीतरी जास्त, वरच्या भागात नुसती हवा. बाहेरून लांबी १२ मिलीच्या ट्यूबची, आतला ऐवज निम्म्याला जेमतेम.

त्या माणसाला फोन केला. आधी म्हणाला, ‘ताई, तुम्ही पाणी जास्त घातलं असणार.’ मग, ‘तुमचा कॅनव्हास लोकल असेल.’ स्टोल्सचे फोटो पाठवले तर, ‘कपड्यावर वापरायचा कुणी सांगितला?’ बरणीवर ‘ऑल सरफेस’ लिहिलंय त्याचं काय, हे विचारल्यावर निळ्या टिक्स आल्या आणि उत्तर आलंच नाही. पैठणी आणि स्टोल्स मी पदरच्या पैशाने नवे करून दिले. बरण्या मात्र क्लासच्या मुलांच्या हाती द्यायची माझी छाती झाली नाही. आत काय आहे तेच लिहिलेलं नसेल तर सहा-सात वर्षांच्या पोराने त्यात बोटं बुडवावीत असं मला तरी वाटत नाही. ‘नॉन-टॉक्सिक’ छापलेलं होतं म्हणा, पण ट्यूबांवर तीन चांदण्याही छापलेल्याच होत्या.

आता डबा हातात घेतल्यावर काय बघायचं ते. लिक्विटेक्स, गोल्डन, विन्सर अँड न्यूटन, डेलर राउनी अशा कंपन्या ट्यूबवर रंगद्रव्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक छापतात. टिटॅनियम व्हाइट म्हणजे पीडब्ल्यू ६, अल्ट्रामरीन पीबी २९, थॅलो ब्लू पीबी १५, क्विनाक्रिडोन मजेंटा पीआर १२२, अंबर, म्हणजे मातकट तपकिरी, पीबीआर ७. ट्यूबवरचं गोड नाव काहीही असो, हा क्रमांक असला की आत काय आहे ते कळतं आणि तो उन्हात टिकतो का ते शोधता येतं. माझ्या डब्यावर नावं होती ‘रॉयल पर्पल’, ‘मॅजिक पिंक’, ‘सनसेट ऑरेंज’, आणि क्रमांक एकाही ट्यूबवर नाही. अमेरिकेतल्या एएसटीएम मानकात टिकाऊपणाची श्रेणी रोमन आकड्यात असते, I उत्तम आणि II खूप चांगली. चांदण्या, अधिकचिन्हं कंपन्या आपापल्या पद्धतीने देतात. नामांकित कंपनी त्यांचा अर्थ आपल्या तक्त्यात सांगते. जिचा तक्ताच नाही तिच्या चांदण्यांना काय किंमत?

भावातही एक खूण आहे, आणि मला ती सगळ्यात उपयोगी वाटते. खऱ्या आर्टिस्ट ग्रेडमध्ये सगळ्या ट्यूबा एका भावाच्या नसतात. कॅडमियम, कोबाल्ट महाग. गेरूच्या जातीचे मातकट रंग सगळ्यात स्वस्त. स्टुडंट ग्रेडमध्ये बहुतेक ट्यूबा एकाच भावाच्या, कारण तिथे कॅडमियमच्या जागी स्वस्त रंगद्रव्यांचं मिश्रण असतं आणि नावापुढे प्रामाणिकपणे ‘ह्यू’ लिहिलेलं असतं. यात काही वाईट नाही, मी सर्रास वापरते. पण ‘प्रोफेशनल’ म्हणवणारा डबा कोबाल्ट ब्लू आणि बर्न्ट अंबर एकाच किमतीत देत असेल, तर त्यात कोबाल्ट नाही हे समजून घ्या.

आणि २४ रंगांचा डबा मुळात घ्यायचाच कशाला? त्या डब्यात पांढरी ट्यूब एक, तीही १२ मिलीची. कुठल्याही चित्राला सगळ्यात जास्त पांढराच लागतो. तो पहिल्याच कॅनव्हासला संपला आणि फिकट गुलाबी, पोपटी, आकाशी अशा ट्यूबा, ज्या पांढऱ्यातूनच झाल्या असत्या, तशाच पडून राहिल्या. २४ ट्यूबा मिळून २८८ मिली, ८९९ रुपयांत. म्हणजे मिलीला तीन रुपयांच्या वर, तेही ट्यूबा काठोकाठ भरलेल्या धरल्या तर.

सध्या माझी खरेदी अशी असते. पांढऱ्याची मोठी बरणी, स्टुडंट ग्रेड चालते, फक्त पीडब्ल्यू ६ हवा. पिवळी माती, गेरू, अंबर हे कुठल्याही बऱ्या कंपनीचे स्वस्तातले घ्या. या सगळ्यांत रंग असतो तो लोहाच्या ऑक्साइडचा, ते मुळातच स्वस्त आणि मुळातच पक्कं, त्यात लबाडी करून कुणाला फारसं सुटत नाही. थॅलो ब्लू लहान ट्यूबच घ्या, राईएवढा पुरतो. पैसे खर्च करायचे ते लाल, राणी आणि पिवळ्यावर, कारण उन्हात दगा देणारे हेच. राणीसाठी पीआर १२२ ची एक चांगली ट्यूब घेतली की जांभळा घरीच होतो, आणि तो निळा पडत नाही. निऑन रंग, कुठल्याही कंपनीचे असोत, टिकायच्या कामात नकोत.

कापडासाठी कापडाचेच रंग. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या फेविक्रिलच्या बाटल्या यासाठी पुरतात. पूर्ण वाळू द्यायचं आणि उलट बाजूने इस्त्री फिरवायची. भिंतीसाठी चित्रकाराचे रंग आणूच नका. हार्डवेअरच्या दुकानातला एक्स्टीरियर इमल्शन हाही अ‍ॅक्रिलिकच, ऊन-पावसासाठी केलेला आणि लिटरमागे कितीतरी स्वस्त. फिकट छटांना पांढऱ्यात स्टेनर (मिसळायचा घट्ट रंग), गडद छटा दुकानातल्या मशीनवर करून घ्यायच्या. खाली प्रायमर हवाच, आणि नवा गिलावा असेल तर महिनाभर थांबायचं. कुंड्यांबद्दलही बरेच जण विचारतात. आतून ओल येत राहिली तर भारीतला भारी रंगसुद्धा पोपडे धरतो, म्हणून आधी आतली बाजू वॉटरप्रूफ करा.

नवीन कुठलाही रंग आला की मी काळ्या रेघेवर फटका ओढते, थोडा रंग बऱ्याच पांढऱ्यात मिसळून किती ताकद उरते ते बघते, आणि दुसऱ्या दिवशी ओलं बोट घासते. खरा अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतो, कारण ओला असताना दुधाळ दिसणारा बाइंडर वाळल्यावर पारदर्शक होतो. खडूवाला उलट फिकट, पिठूळ होतो. शिवाय प्रत्येक रंगाची एक पट्टी अर्धी अ‍ॅल्युमिनियम फॉइलने झाकून पश्चिमेच्या खिडकीत. चैत्र-वैशाखाचं ऊन फुकटची प्रयोगशाळा आहे.

तक्रारीचं म्हणाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही. पण विरुद्ध पक्षाचं नाव-पत्ता लागतो, आणि माझ्या खोक्यावर ‘मार्केटेड बाय’च्या पुढे एक इंग्रजी नाव आणि शहर, बस. पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे उत्पादक, पॅकर किंवा आयातदाराचा पूर्ण पत्ता, निव्वळ माप, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला हवा. आयात माल असेल तर कोणत्या देशातला तेही. हे नसलेला खोका स्टॉलवर दिसला तर तिथेच फोटो काढा आणि पक्कं बिल मागा. बिल मागितल्यावर ‘त्यावर डिस्काउंट नाही बसणार’ असं उत्तर आलं की खोका खाली ठेवा.

मागच्या सीझनला सोलापूरच्या मैत्रिणीने एका स्टॉलवरून फोटो पाठवला. डब्याचं नाव नवीन, पण मागचा स्टिकर आणि तो अर्धवट पत्ता तोच. तिला म्हटलं, सीलबंद डब्यातली ट्यूब उघडून काळ्या रेघेवर ओढायला सांग. त्याने सांगितलं, ‘मॅडम, सील तोडलं तर घ्यावंच लागेल.’ तिने शेजारच्या स्टॉलवरून ब्रश घेतले आणि घरी गेली.