कुर्ल्यातील गिअरबॉक्स वर्कशॉप: घाई न करता केलेले निदान

आमचा जुना ऑटोमॅटिक पिकअप दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना झटका देत असे आणि अन्यत्र थेट गिअरबॉक्स उतरवण्याचाच सल्ला मिळाला होता. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील या वर्कशॉपच्या मिस्त्रींनी मात्र आधी गाडी चालवून गिअरबॉक्समधले ऑइल तापू दिले, इंजिन सुरू ठेवूनच पातळी पाहिली, डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या फडक्यावर टिपून रंग व वास तपासला आणि मगच गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणारा स्कॅनर जोडला. ऑइल लालसर होते, जळका वास नव्हता. त्यामुळे गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा जळाल्याची शक्यता कमी, हे त्यांनी नीट समजावले. दोष निघाला शिफ्ट सोलेनॉइडच्या (गिअर बदलण्यासाठी ऑइलचा प्रवाह सोडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हच्या) कनेक्टरमध्ये, जिथल्या पिना पावसाच्या पाण्याने हिरव्या पडल्या होत्या. असे शांतपणे काम करणारे मिस्त्री जपायला हवेत. पार्किंगची मात्र तिथे फार अडचण आहे.