मोठ्या जोड्यांचा सराव : पोकरच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात. त्यात एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा हाती येते, आणि ती आली की पुष्कळ खेळाडू समोरचे पळून जाऊ नयेत या भीतीने नुसता कॉल करून, म्हणजे चालू पैजेइतकेच पैसे लावून, गप्प बसतात. मलाही हीच सवय जडली होती. ती मोडावी म्हणून सुरुवातीच्या दमदार पानांवरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी घेतला आणि चार महिने त्याचा नेटाने सराव केला.

अभ्यासक्रमात चित्रफिती आणि सराव-संच असे दोन भाग आहेत. चित्रफिती नीटनेटक्या आहेत, याहून अधिक त्यांच्याविषयी सांगण्यासारखे नाही. खरे मोल सराव-संचाचे आहे. पडद्यावर आपली दोन पाने, टेबलावरची आपली जागा आणि आधीच्या खेळाडूंनी केलेल्या चाली दिसतात. ठरावीक सेकंदांत रेझ (पैज वाढवणे), कॉल किंवा फोल्ड (पाने टाकून देणे) यांपैकी एक निवडायचे असते, आणि निवड चुकली तर ती का चुकली हे तिथल्या तिथे सांगितले जाते. एक्के दाबून ठेवण्याची माझी सवय पहिल्या तीन आठवड्यांतच सुटली, याचे श्रेय मी निःसंकोचपणे या संचाला देतो.

मात्र रेझ का करायचे, याचे जे कारण अभ्यासक्रम पुढे करतो, ते मला अपुरे वाटते. एका प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्याही दोन पानांविरुद्ध एक्क्यांची जिंकण्याची शक्यता सुमारे ८५ टक्के असते, चार जणांविरुद्ध ती ५६ टक्क्यांच्या आसपास येते आणि आठ जणांविरुद्ध ३५ टक्क्यांपर्यंत घसरते. म्हणून गर्दी कमी करा, असा त्याचा सारा भर आहे. आकडे बरोबर आहेत, पण नऊ जणांत प्रत्येकाचा सरासरी वाटा जेमतेम ११ टक्के असताना ३५ टक्के हा उत्तम वाटा होय. रेझ करायचे ते मुख्यतः आपण पुढे असताना पॉटमध्ये, म्हणजे मधोमध जमणाऱ्या रकमेत, अधिक पैसे यावेत म्हणून. प्रतिस्पर्धी कमी झाले की फ्लॉपनंतरचे (टेबलावर सर्वांसाठी पहिली तीन पाने उघडल्यानंतरचे) निर्णय सोपे होतात, हा त्यासोबत मिळणारा फायदा आहे. हा क्रम उलटा शिकलेला माणूस सर्वांना पळवून लावण्याइतके मोठे रेझ करतो आणि केवळ ब्लाइंड, म्हणजे पाने वाटण्याआधी दोन खेळाडूंनी लावलेल्या सक्तीच्या पैजा, पदरात पाडून घेतो.

गुलामांच्या जोडीवरचा भाग या अभ्यासक्रमात सर्वांत सरस आहे. एका सरावात मी बिग ब्लाइंडवर, म्हणजे मोठी सक्तीची पैज लावणाऱ्याच्या जागेवर, होतो. सुरुवातीच्या जागेवरून रेझ झाले होते आणि मधल्या एकाने कॉल केला होता. मी री-रेझ (रेझवर पुन्हा रेझ) निवडले, ते मान्य झाले. पण तोच प्रसंग पुन्हा आल्यावर मुद्दाम कॉल केला, तर तोही मान्य झाला, आणि सुरुवातीच्या जागेवरून रेझ करणारा खेळाडू मुळातच निवडक पाने खेळत असल्याने दोन्ही चाली का टिकतात, हे सविस्तर उलगडून दाखवले होते. री-रेझ करायचेच तर आपली पाळी नंतर येत असताना मूळ रेझच्या सुमारे तिप्पट आणि आधी येत असताना चौपट, हे प्रमाण इथेच माझ्या हाताला बसले. गुलाम हाती असताना फ्लॉपवर राणी, राजा किंवा एक्का येण्याची शक्यता सुमारे ५७ टक्के असते, राण्यांच्या जोडीला वरचे पान ४१ टक्के वेळा भेटते आणि राजांच्या जोडीला २३ टक्के. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवल्यामुळे या जोड्या एकाच मापाने का मोजू नयेत, ते मनावर पक्के ठसते.

एक्का-राजाच्या प्रकरणात मात्र एक ढळढळीत चूक आहे. आपल्या हाती एक्का-राजा आणि समोरून ऑल-इन (सगळे पैसे एकदम लावणे), अशा प्रसंगात प्रतिस्पर्ध्याकडे एक्क्यांची जोडी सहा प्रकारे आणि राजांची जोडी सहा प्रकारे असू शकते, असे धरून हिशेब केला आहे. वास्तविक आपल्याच हातात एक एक्का आणि एक राजा असल्याने दोन्ही जोड्या प्रत्येकी तीनच प्रकारे होऊ शकतात; राण्या मात्र सहा प्रकारे. म्हणजे समोर या तिन्हींपैकी एखादी जोडी आहे असे मानले, तर ती एक्क्यांची किंवा राजांची असण्याची शक्यता दोन-तृतीयांश नसून निम्मी ठरते, आणि अटीतटीच्या निर्णयात हा फरक निर्णायक असतो. मी हे उदाहरणासह कळवले. ‘आपली सूचना नोंदवली आहे’ एवढेच उत्तर आले. दोन महिन्यांनंतरही तो हिशेब तसाच आहे. गणितावर उभ्या असलेल्या अभ्यासक्रमाकडून ही बेफिकिरी मला खटकली.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. राजांच्या जोडीवर रेझ केले, दोघांनी कॉल केला आणि फ्लॉपवर एक्का पडला, तर पुढे काय करायचे? नेमक्या या वळणावर सराव थांबतो आणि ‘पुढील खेळ परिस्थितीनुसार’ असे एक वाक्य पडद्यावर येते. मोठ्या जोड्यांवर माझे सर्वाधिक नुकसान फ्लॉपनंतरच झाले आहे. त्यामुळे ज्यांना फ्लॉपआधीची शिस्त अंगी बाणवायची आहे, त्यांना मी हा अभ्यासक्रम आग्रहाने सुचवेन; ज्यांची ती शिस्त आधीच पक्की आहे, त्यांनी गुलामांच्या जोडीचा संच तेवढा सोडवावा, बाकी भागात त्यांना नवे काही सापडणार नाही.